मधल्या सुट्टीत पटांगणावर कोण असतं?

संपादक महोदय,


येत्या ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को यांचा सण. आमच्या भागातल्या शाळांतून त्या दिवशी मिस्सा होते, मुलांना खाऊ मिळतो. डॉन बॉस्को लहानपणी दोरीवरून चालत, हातचलाखी करून दाखवत, म्हणून कुणीतरी फादर किंवा सर चार जादूचे प्रयोगही करतात. पोरं खूश होतात, आणि व्हावीतच. पण जन्मभर पॅरिश शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला त्यांच्या चरित्रातली वेगळी पानं आठवतात. मार खाणाऱ्या, चिडवल्या जाणाऱ्या पोरांची ती पानं आहेत, आणि त्यातलं पहिलं पोर ते स्वतःच होते.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतल्या बेक्की नावाच्या वाडीत शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गारिता लिहा-वाचायला शिकलेली नव्हती, पण खंबीर होती. घरात सात वर्षांनी मोठा सावत्रभाऊ आंतोनियो होता. हा धाकटा हातात पुस्तक घेतो, याचाच त्याला राग. शेतात राबायचं सोडून हा कसला शहाणा होतोय, म्हणून रोज भांडण, प्रसंगी मारहाण. शेवटी आईने काळजावर दगड ठेवून जॉनला घराबाहेर काढलं. बारा-तेराव्या वर्षी तो परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहिला. बघा, ज्याला त्रास होत होता त्यालाच घर सोडावं लागलं. आपल्या शाळांतही बऱ्याचदा असंच होतं.

पुढे शाळेत गेला तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. भोवती सगळी लहान पोरं. त्यात एक वयस्क गुरुजी आले. बेक्कीसारख्या वाडीतलं पोर काय लॅटिन शिकणार, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. त्याने भाषांतर बिनचूक लिहून दिलं तर गुरुजींना वाटलं, नक्कल केली असणार. वर्ग हसला. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना छळणं आपल्याला दिसतं. गुरुजींच्या जिभेने होणारा छळ मात्र आपण शिस्तीच्या नावाखाली खपवून घेतो.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो कियेरी गावच्या शाळेतला प्रसंग. १८३४ च्या सुमाराची गोष्ट. लुईजी कोमोल्लो नावाचा एक शांत, देवभिरू मुलगा नवीन आला होता. गुरुजी वर्गात येईपर्यंत दांडगी पोरं उड्या मारण्याचा खेळ खेळत. लुईजी खेळेना, तर एकाने त्याला दोन थपडा मारल्या. त्याने उलट हात उचलला नाही, मारणाऱ्याला क्षमा केली. पुढे पुन्हा एकदा तो आणि आणखी एक गरीब मुलगा टोळक्याच्या तावडीत सापडले. जॉन अंगाने दणकट. त्याचा संयम सुटला. हाताशी काठी नव्हती, तेव्हा त्याने एका पोराचे खांदे धरले आणि त्यालाच सोट्यासारखं फिरवून चार जणांना आडवं केलं. बाकीचे पळाले. एवढ्यात गुरुजी आत आले. काय झालं ते कळल्यावर त्यांना या ताकदीचंच कौतुक वाटलं. पुन्हा करून दाखव, म्हणाले. सगळा वर्ग हसला आणि विषय संपला.

त्या मुलांना रोज मार का बसतो, हे त्या गुरुजींनी विचारलं नाही. विचारलं ते लुईजीने, आणि तेही आपल्या रक्षणकर्त्याला. ही ताकद देवाने सोबत्यांना चिरडायला दिलेली नाही, असं त्याने जॉनला बजावलं. नऊ वर्षांचा असताना जॉनला पडलेलं स्वप्न आपल्याला माहीत आहे. शिव्या देणाऱ्या पोरांवर तो मुठी वळून धावला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की यांना गुद्द्यांनी नाही, मायेने जिंकायचं आहे. ते स्वप्न पचायला त्याला कियेरीपर्यंतची वर्षं लागली.

५ जून १८४१ रोजी ते धर्मगुरू झाले आणि तुरीन शहरात राहू लागले. कारखाने वाढत होते, खेड्यांतून पोरं कामाला येत होती. तुरुंगात गेले तर तिथेही मिसरूड न फुटलेली पोरं दिसली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते मिस्सेची तयारी करत होते. सांक्रिस्तीत एक अनाथ गवंडी पोरगा उभा होता. मिस्सेला मदत करता येत नाही म्हटल्यावर सांक्रिस्तानाने त्याला दांडक्याने बडवून हाकललं. डॉन बॉस्कोंनी सांक्रिस्तानाला थांबवलं, तो माझा मित्र आहे म्हणून पोराला परत बोलावलं, आणि मिस्सा झाल्यावर त्याच्याजवळ बसून विचारपूस केली. सेल्सियन संस्थेचं सगळं काम त्या दिवसापासून मोजतात. देवळात मार खाल्लेल्या एका पोराला परत बोलावण्यातून ते उभं राहिलं. १९०६ मध्ये ते तंजावरला आणि १९४६ मध्ये आपल्या पणजीला पोहोचलं.

ते नुसते मायाळू नव्हते, व्यवहारालाही पक्के होते. पोरांना कामाला लावायचं तर मालकाशी लेखी करार करत. १८५२ च्या फेब्रुवारीत एका सुतारमिस्त्रीशी झालेला करार आजही जपलेला आहे. चूक झाली तर मिस्त्रीने शब्दांनी समज द्यावी, हात उगारू नये. सुतारकामाशिवाय इतर कामांना जुंपू नये. रविवारी आणि सणाला सुट्टी द्यावी. माया कागदावर उतरवावी लागते, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

१८७७ मध्ये त्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीवर छोटंसं टिपण लिहिलं. शिक्षा करण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था आधी करावी, हे त्याचं सार. विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर ती उभी आहे. मारणं, त्रास होईल असं गुडघ्यावर बसवणं, कान पिळणं त्यांनी साफ नाकारलं. चारचौघांत पाणउतारा करू नये, समज द्यायची ती एकांतात द्यावी. त्याच टिपणात शिक्षकांसाठीही कडक सूचना आहे. शिक्षक चारित्र्याचे असावेत, कुठल्याही विद्यार्थ्याशी वेगळी, खास जवळीक ठेवू नये, कारण एकाच्या दुष्कृत्याने सगळी संस्था धुळीला मिळते. लैंगिक छळाबद्दल आज आपण जे बोलतो, त्याचं भान या माणसाला होतं.

म्हातारपणी, १८८४ च्या मे महिन्यात, त्यांनी रोमहून तुरीनला एक व्याकूळ पत्र पाठवलं. स्वप्नात त्यांना पटांगण दिसलं होतं. पूर्वी शिक्षक मुलांत मिसळून खेळत. आता ते बाजूला उभे राहून आपसांत गप्पा मारत होते, आणि मुलं कोपऱ्या-कोपऱ्यात कुजबुजत होती. आपण मुलांवर प्रेम करतो एवढ्यावर भागत नाही, ते मुलांना जाणवायला हवं, हा त्या पत्राचा गाभा. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते वारले. १९३४ मध्ये ते संत झाले.

आता माझं पटांगण सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सहावीच्या वर्गात बोर्डिंगमधला एक मुलगा होता. बोलताना अडखळायचा. पोरांनी त्याला एक नाव पाडलं होतं. मधल्या सुट्टीत त्याच्या ताटलीतलं काढून घ्यायचे, त्याची वही नळाखाली धरायचे. मी त्या वेळी स्टाफरूममध्ये चहा पीत वह्या तपासत असे. एकदा वर्गात कुणीतरी त्याला त्या नावाने हाक मारली. नाव असं होतं की मला हसू आलं, आणि मी हसलो. माझ्या हसण्याने त्या नावावर शिक्का बसला. दिवाळीनंतर त्याचे वडील आले आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले. आम्ही कारणसुद्धा विचारलं नाही. कियेरीच्या त्या गुरुजींबद्दल वाचतो तेव्हा मला माझाच चेहरा दिसतो. त्या मुलाची क्षमा मागायची राहून गेली.

म्हणून या सणाला आपल्या शाळांना, फादर-सिस्टरांना आणि पालकांना विनंती आहे. जादूचे प्रयोग जरूर करा, पण मधल्या सुट्टीत पटांगणावर कोण असतं, ते एकदा बघा. जिन्याखाली, मुतारीपाशी, स्कूलबसच्या मागच्या बाकावर कुणाची नजर असते? तक्रारपेटी असेल तर ती एकट्यानेच उघडू नये. मूल सांगायला आलं तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं. तू काय केलं होतंस, हा प्रश्न पहिला नको. मारणाऱ्या मुलालाही नुसतं हाकलून भागत नाही. त्याच्या घरी काय चाललंय ते विचारावं लागतं.

मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. लैंगिक छळ झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेचं नाव, फादरांचं नाव, समाजाचं नाव यांचा विचार करायचा नसतो. मुलांना १०९८ हा मदतीचा नंबर पाठ असावा. आपल्या शेजारची हिंदू, मुसलमान, जैन मुलंही आपल्याच शाळांत शिकतात. त्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने ती आपल्या हवाली केली आहेत.

सांक्रिस्तीतून हाकललेल्या पोराला डॉन बॉस्कोंनी परत बोलावलं. मला तेवढं जमलं नाही. जे आज वर्गावर आहेत त्यांच्या हातात अजून वेळ आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक