सर्वांसाठी एकच पेला

ईटच्या टपरीवर चहा घेताना हातातल्या काचेच्या पेल्याकडे आपण कधी निरखून पाहतो काय? जाड बूड, नक्षीचा पत्ता नाही, विसळायला सोपा. पण ज्यांच्या वाडवडिलांची कपबशी हॉटेलबाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे आणि ज्यांना ती स्वतःच धुऊन परत ठेवावी लागे, त्या आम्हाला हा पेला किरकोळ वाटत नाही. म्हणूनच फिनलंडच्या काई फ्रँक यांचे जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्रँक यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९११ रोजी वीपुरी शहरात झाला. तेव्हा फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. फ्रँक स्वीडिश भाषिक, म्हणजे देशातल्या अल्पसंख्याकांपैकी. हेलसिंकीत त्यांनी फर्निचरच्या रचनेचे शिक्षण घेतले. पुढे महायुद्ध आले. त्यात वीपुरी सोव्हिएत रशियाकडे गेले आणि चार लाखांवर माणसे विस्थापित झाली. वर युद्धभरपाईचा बोजा. लहान घरांत नव्याने चूल मांडणाऱ्या या कुटुंबांनी जेवायचे कशात?

१९४५ साली फ्रँक हेलसिंकीच्या ‘अरेबिया’ या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात रुजू झाले. तेव्हा प्रतिष्ठितांच्या घरी फुलाफुलांचे, सोनेरी काठांचे मोठे संच असत. ते संच गरिबाच्या ऐपतीबाहेरचे, त्याच्या फळीवरही न मावणारे. फ्रँक यांनी ही चाल मोडली. १९५३ मध्ये त्यांची ‘किल्टा’ भांडी बाजारात आली. साधे भौमितिक आकार, एकरंगी, वर चित्र नाही. लागेल तेवढे एकेक भांडे विकत घ्यावे. ज्यात शिजवले त्यातच वाढावे.

नूताजार्वी येथील १७९३ सालच्या काच कारखान्याची कलाविषयक धुराही त्यांनी सांभाळली. १९५८ चा त्यांचा पेला पुढे ‘कार्तिओ’ म्हणून ओळखला गेला. कार्तिओ म्हणजे शंकू. खाली निमुळता, वर रुंद, बाजू सरळ. काचेचा रंग हाच त्याचा दागिना. आपल्याकडच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच आठवा. वारा अडवायचा आणि उजेड सोडायचा, या कामातूनच तिला रूप आले. फ्रँक यांचे सौंदर्यशास्त्र हेच. त्यांनी श्रीमंतांसाठी महागडी कलाकाचही घडवली, हे आम्ही लपवीत नाही. पण त्यांची खरी ओळख रोजच्या वापरातल्या वस्तूंनीच झाली.

१९६० च्या दशकात त्यांनी आणखी एक धाडस केले. वस्तूवर रचनाकाराचे नाव मिरवून ती विकण्यास त्यांनी विरोध केला. साचा करणारा, भट्टीवर राबणारा, काच फुंकणारा अशा अनेकांच्या श्रमातून पेला होतो, मग नाव एकाचेच का? हा प्रश्न आम्हाला भिडतो. आमच्या कारागिराचे नाव मात्र कुणी विचारलेच नाही, विचारली ती जात. फ्रँक यांनी नाव सोडले, आमचे हिरावून घेतले गेले. हा फरक विसरता कामा नये.

१९५५ साली फ्रँक यांना स्कँडिनेव्हियन रचनाकारांसाठीचा लुनिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आपल्या संसदेने अस्पृश्यता (गुन्हे) कायदा केला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला रोखणे हा या कायद्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे.

सप्टेंबर १९८९ मध्ये ग्रीसमधील सँटोरिनी येथे फ्रँक यांचे निधन झाले. पेला स्वस्त, टिकाऊ आणि देखणा कसा करावा, हे त्यांनी जगाला दाखवले. तो कुणाच्या हाती द्यायचा आणि कुणाला नाकारायचा, हे मात्र समाजच ठरवीत आला. आमच्या वाडवडिलांना नाकारला गेला. तेव्हा कुठे आजही वेगळा कप पुढे आला, तर तो मुकाट्याने उचलू नका. कलम ४ दाखवा आणि सर्वांचाच पेला मागून घ्या!