पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म वर्धा येथे झाला. ब्रिटिश राजवटीत मायदेशी परतणे अशक्य झाल्याने १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. महाराष्ट्रात क्रांतिकारक म्हणूनच त्यांची आठवण काढली जाते. मेक्सिकोत मात्र ते मक्यासाठी ओळखले गेले. मका आणि त्याचा रानटी सोयरा तेओसिंते यांच्या संकरातून त्यांनी ‘तेओ-मका’ सिद्ध केला. ‘ग्रानादा’ मक्याला ‘झिया मेज डिजिटाटा’, म्हणजे बोटे असलेला मका, असे शास्त्रीय नाव देऊन त्याचे वर्णन त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळाही चालविल्या. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.