परंड्याचा मलिक अंबर

आपल्या सोसायटीतली बरीच मुलं शिकायला संभाजीनगरला जातात आणि विद्यापीठाला लागून असलेल्या बेगमपुऱ्यात खोली घेतात. बेगमपुरा पुढचा, मोगलांच्या काळातला. पण ते शहर ज्यानं वसवलं, तो माणूस आधी आपल्या परंड्यात होता, हे मुलांना सहसा ठाऊक नसतं. स्मरणिकेसाठी मी म्हणूनच त्याला निवडलं.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियातला. पोरवयातच गुलाम म्हणून विकला गेला. या हातातून त्या हातात जात तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्याकडे आला. धनी वारल्यावर मोकळा झाला, विजापूरकरांची चाकरी करून परत आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही बुडालीच म्हणायची! अंबरनं मात्र त्याच घराण्यातल्या मूर्तझाला परंड्यात गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभं केलं. सहलीला आपण जो किल्ला बघून येतो, तो तेव्हा राजधानी होता.

१६१० मध्ये त्यानं खडकी वसवली. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. त्याच्या लढायांवर पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याचं पाण्याचं काम मोठं वाटतं. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी त्यानं जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर शहरात आणलं. वीज नाही, मोटार नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आणि प्रत्येक वार्षिक सभेत पाण्यावरच भांडणाऱ्या आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. आधी घरं आणि मग पाणी शोधा, असा आपला प्रकार!

वस्त्यांना नावं दिली तीही पदरच्या मराठा सरदारांची : मालोजीचा मालपुरा, खेळोजीचा खेलपुरा, तसेच परसपुरा, विठापुरा. स्वतःचं नाव शहराला दिलं नाही.

मोगलांनी खडकी जाळली, तरी तो हटला नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मोगल आणि विजापूरकर दोघांच्या फौजा मोडल्या. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. मुलगा फत्तेखान याला राज्य सांभाळता आलं नाही. खडकीचं फतेहनगर झालं, पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नहरीला मात्र अजून नहर-ए-अंबरीच म्हणतात.