विश्लेषण : लंडनमध्ये सहावे, हेलसिंकीत तिसरे… खाशाबा जाधव यांनी चार वर्षांत काय बदलले?

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. 1952 च्या कांस्यपदकाची आठवण त्या दिवशी हमखास निघते. त्याआधी 1948 मध्ये आलेल्या सहाव्या क्रमांकाची मात्र फारशी चर्चा होत नाही. पदकाची पायाभरणी तिथेच झाली होती.

कुस्ती कुठे शिकले?

खाशाबांचा जन्म 1926 मध्ये सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांचे पहिले वस्ताद घरातलेच होते. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. उंची कमी, शरीरयष्टी किरकोळ. पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला फेकणारी ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव होता.

लंडनमध्ये काय कमी पडले?

1948 मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने खाशाबा लंडनला गेले आणि 52 किलो वजनी गटात खेळले. अडचण ताकदीची नव्हती, मॅटची होती. तालमीतल्या लाल मातीत प्रतिस्पर्धी चितपट झाला की निकाल लागतो. ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत मात्र वेळेची मर्यादा असते आणि चितपट झाली नाही, तर निकाल पंचांच्या हाती जातो. शिवाय मॅटवर पाय वेगळे पडतात, पकडही वेगळी लागते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना लंडनमध्ये मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून पराभव झाला आणि खाशाबा सहावे आले.

पुढची चार वर्षे कशी गेली?

मायदेशी परतल्यावर खाशाबांनी सराव वाढवला आणि ते वरच्या, म्हणजे 57 किलो गटात उतरले. गट बदलला की जास्त वजनाच्या, जास्त ताकदीच्या मल्लांशी गाठ पडते. हेलसिंकीसाठीच्या संघात सुरुवातीला त्यांना स्थान नव्हते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि ती त्यांनी जिंकली.

मग प्रश्न उरला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत काय घडले?

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. या दोघांना अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळाले, यावरून त्या गटाची पातळी कळते. यातील एका थकवणाऱ्या लढतीनंतर नियमाप्रमाणे विश्रांती न मिळताच त्यांना पुन्हा उतरावे लागले आणि बाजू मांडायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते. तरीही 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक त्यांच्या नावावर झाले.

पदकानंतर काय?

कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र लगेच कुस्त्यांची मैदाने भरवली आणि जिंकलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवायला हातभार लावला. 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार तर मिळालाच नाही.

भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक 1996 मध्ये, लिअँडर पेसच्या रूपाने मिळाले. कुस्तीतील पुढच्या पदकासाठी 2008 उजाडावे लागले. लंडनहून रिकाम्या हाताने परतलेल्या त्या तरुणाने पुढची चार वर्षे मेहनत सोडली असती, तर ही प्रतीक्षा आणखी लांबली असती.