मेथोट्रेक्सेटमागचा माणूस: डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

बायोटेकच्या लॅबमध्ये रात्री दहाला दिवा दिसला तर समजा, आमचे बॅक्टेरिया वाढताहेत. माझं प्रोजेक्ट आहे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाची रूपं पकडणारं प्रथिन. त्याचं जनुक प्लाझमिडमध्ये घालून ई. कोलायकडून ते भरपूर बनवून घ्यायचं, मग पेशी फोडून त्या काल्यातून नेमकं तेच बाहेर काढायचं. त्यासाठी कॉलममध्ये मेथोट्रेक्सेट जोडलेले मणी भरतात. आपलं प्रथिन तिथे चिकटतं, बाकीचं वाहून जातं. हे मेथोट्रेक्सेट आलं कुठून, हे शोधता शोधता मी आंध्रातल्या भीमावरमला पोचलो.

सुब्बाराव तिथे १८९५ साली जन्मले. घरची गरिबी. संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. मद्रास मेडिकल कॉलेजात गांधीजींचं ऐकून त्यांनी खादीचा सर्जिकल कोट घातला, सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकांचं बिनसलं, आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस हे खालचं सर्टिफिकेट हाती पडलं. (इंटर्नल मार्कांचा इतिहास जुना आहे!)

१९२२ मध्ये सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला गेले. पोटासाठी हॉस्पिटलात बेडपॅन साफ केले. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली. मॉलिब्डेटचा तो निळा रंग आपण प्रॅक्टिकलला बघतोच. पुढे फॉस्फोक्रिएटिन, १९२९ मध्ये एटीपी. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. मला तरी हे आजही पटत नाही.

१९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे त्यांच्या टीमने १९४५ साली फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि ते संग्रहणीवर लागू पडलं. भाऊ मात्र केव्हाच गेले होते.

मग त्याच रेणूत किरकोळ फेरफार करून टीमने उलट्या गुणाची औषधं बनवली: अ‍ॅमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेट. ऑक्सिजनच्या जागी अमिनो गट बसवला की प्रथिन फसतं. जीवनसत्त्व समजून ते औषधाला घट्ट धरून ठेवतं, पेशीला डीएनए बनवता येत नाही. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अ‍ॅमिनोप्टेरिन दिलं. काही मुलं काही महिने खेळती झाली. तोवर या रोगावर हातात काहीच नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, ५३ व्या वर्षी. भारतात ते परतलेच नाहीत. पत्नी शेषगिरी इकडेच राहिल्या.

ही पकड दिसते कशी, ते त्यांनी पाहिलं नाही. ई. कोलायच्या या १५९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची, मेथोट्रेक्सेट धरलेली रचना क्ष-किरणांनी उलगडली ती १९७७ मध्ये. औषध अगदी फॉलेटच्याच खाचेत सापडलं. नंतर कळलं की त्याचं दुहेरी कडं तिथे फॉलेटपेक्षा चक्क उलटं बसतं.