औषधांची पारख शिकवणारे रामनाथ चोप्रा

औषध तयार करणे, त्याची शुद्धता राखणे आणि ते रुग्णाला योग्य रीतीने देणे म्हणजे फार्मसी. तेच औषध शरीरात गेल्यावर नेमके काय करते, याचा अभ्यास म्हणजे फार्माकॉलॉजी. बारावीनंतर औषधांच्या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्यांचा या दोन शब्दांत हमखास गोंधळ होतो. भारतात या दोन्ही विद्याशाखांचा पाया घालण्यात सर रामनाथ चोप्रा यांचा मोठा वाटा आहे.

चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातील गुजराँवाला येथे झाला. १९०३ मध्ये ते शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला औषधांची नावे, उगम आणि मात्रा पाठ कराव्या लागत. केंब्रिजमध्ये वॉल्टर डिक्सन मात्र औषधाचा हृदयावर, रक्तदाबावर होणारा परिणाम प्रयोगाने मोजायला शिकवत. चोप्रा यांनी हीच वाट धरली.

१९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी देशी वनौषधी प्रयोगशाळेत आणल्या. परंपरा सांगते म्हणून वनस्पती स्वीकारायची नाही आणि जुनी आहे म्हणून नाकारायचीही नाही, ही त्यांची पद्धत होती. सर्पगंधेचा अर्क रक्तदाब उतरवतो आणि शांत करतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९३३ मध्ये दाखवून दिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी रुग्णांवरील तिच्या वापराचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली.

पण औषध कितीही गुणकारी असले, तरी बाटलीत तेच नसेल तर काय उपयोग? त्या काळात बाजारात भेसळीची, कमी कसाची औषधे सर्रास मिळत. देशभर लागू होईल असा कायदा नव्हता आणि औषध देणाऱ्याने शिकलेले असावे असे बंधनही नव्हते. १९३० मध्ये सरकारने नेमलेल्या औषध चौकशी समितीचे अध्यक्षपद चोप्रा यांच्याकडे आले. औषधांसाठी केंद्रीय कायदा, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि फार्मसीचे रीतसर शिक्षण हवे, असे समितीने १९३१ मध्ये सुचवले.

अंमलबजावणी व्हायला वेळ लागला. १९३७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बी.फार्म. सुरू झाले. १९४० मध्ये औषध कायदा, तर १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. आज औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, तो या कायद्यामुळेच.

चोप्रा यांना १९४१ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर जम्मू-काश्मीरमध्ये त्यांनी औषधी वनस्पतींवरील संशोधन चालू ठेवले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज चार वर्षांच्या बी.फार्म.मध्ये फार्माकॉलॉजी हा एक प्रमुख विषय असतो. त्यातच पुढे जायचे असेल तर एम.फार्म. करता येते, एमबीबीएस झालेल्यांसाठी एम.डी.चा मार्ग आहे. मात्र बी.फार्म.च्या विद्यार्थ्याला औषध तयार करणे आणि औषधाची क्रिया, दोन्ही शिकावे लागते.