हिमकणांचा उपासक : विल्सन बेंटले

हिमकणांची नक्षीदार छायाचित्रे आज जगभर परिचित आहेत. मात्र ती टिपणाऱ्या विल्सन बेंटले यांना छायाचित्रणाचे कोणतेही शिक्षण लाभले नव्हते. त्यांच्यापाशी होती ती जिज्ञासा, चिकाटी आणि मातेचा विश्वास.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील जेरिको गावी 9 फेब्रुवारी 1865 रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हिवाळ्यात हा मुलूख बर्फाखाली झाकून जाई. मातोश्री फॅनी पूर्वी शिक्षिका होत्या. चौदाव्या वर्षापर्यंत त्यांनीच विल्सनला घरी शिकविले. पुढे त्यांनी एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र त्याच्या हाती दिले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. भिंगाखालील षट्कोनी हिमकण त्याला कोरीव रत्नासारखा भासला. ती नक्षी कागदावर उतरविण्याचा त्याने प्रयत्न केला. परंतु चित्र पूर्ण होण्याआधीच हिमकण वितळून जाई.

यावर उपाय म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडता येणारा कॅमेरा. कष्टाने शेती करणाऱ्या वडिलांना हा खर्च निरर्थक वाटत होता. तथापि मातेच्या आग्रहास्तव त्यांनी अखेर हे साहित्य घेऊन दिले. मार्गदर्शन करणारा कोणी नव्हता. अनेक प्रयत्न फसल्यानंतर 15 जानेवारी 1885 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विल्सन यांना हिमकणाचे पहिले यशस्वी छायाचित्र मिळाले.

त्यांची कार्यपद्धती साधी, परंतु कठोर होती. उब नसलेल्या खोपटात उभे राहून ते काळ्या फळीवर हिमकण झेलीत, बारीक काडीने उचलून काचेवर ठेवीत आणि पिसाने हलकेच दाबून बसवीत. श्वासाच्या उबेनेही तो नष्ट होण्याची भीती असे, म्हणून ते श्वास रोखून काम करीत. त्यांनी 5,000हून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत हुबेहूब सारखे दोन हिमकण त्यांना कधी आढळले नाहीत. दंव आणि पावसाच्या थेंबांचाही त्यांनी अभ्यास केला. बारीक पिठात थेंब झेलून, त्यांपासून बनलेल्या गोळ्यांवरून ते थेंबांचा आकार मोजीत.

शेजाऱ्यांना हा छंद वेडेपणाचा वाटे. व्यवहाराच्या हिशेबानेही तो आतबट्ट्याचाच होता. छायाचित्राची एक काचपट्टी ते अवघ्या 5 सेंटला विकीत. शेती सांभाळूनच त्यांनी ही साधना आयुष्यभर केली. 1898 साली त्यांचे कार्य मासिकातून प्रसिद्ध झाले. 1903 साली त्यांनी आपली 500 छायाचित्रे स्मिथसोनियन संस्थेकडे सुपूर्द केली. शास्त्रज्ञांप्रमाणेच दागिने घडविणारे व कापडावरील नक्षी आखणारे कारागीरही त्यांच्या चित्रांचा उपयोग करू लागले. 1906 साली मातेचे छत्र हरपले, तरी तिने लावलेले वेड सुटले नाही.

नोव्हेंबर 1931 मध्ये सुमारे 2,400 छायाचित्रांचा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिमवादळातून पायी घरी परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि 23 डिसेंबर 1931 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या हिमाची त्यांनी आयुष्यभर उपासना केली, त्याच्याच सान्निध्यात त्यांचा शेवट झाला.

आपल्या घरातील एखादे मूल क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत रमलेले दिसले की, त्यातून मिळणार काय, असा प्रश्न आपल्या ओठांवर सहज येतो. तो विचारण्यापूर्वी जेरिकोच्या त्या माउलीचे क्षणभर स्मरण करावे. तिने मुलाला धन दिले नाही. पाहण्याची दृष्टी दिली. हिमकण केव्हाच वितळले, परंतु त्या दृष्टीने टिपलेले सौंदर्य मात्र टिकून राहिले.